राष्ट्रगीत संपेपर्यंत

आप्पा, काल मी तुमचा शब्द मोडला. रागवायचं असेल तर खुशाल रागवा. माझ्यावर रागवायला तुम्हाला तसंही मोठं कारण कधी लागलं नाही, चहा जरा निवला तरी पुरायचं. ‘हे ईराला सांगायचं नाही’ असं तुम्ही मला बजावलंत, मी हो म्हणाले, आणि तुम्ही म्युनिकहून विमानात बसून बार्शीला गेलात ते गेलातच. भांडण अर्धवट टाकून कोणी असं जातं का? खेळ चालू असताना मैदान सोडणाऱ्या पोराला तुम्ही फेऱ्या मारायला लावायचात. आता तुम्हाला कोण लावणार?

तुमचा लेक शिरीष मिळेल त्या विमानानं निघाला, पण तो पोचेपर्यंत गावानं सगळं उरकलं होतं. तुमचे जुने विद्यार्थी आले होते म्हणे. त्यातले निम्मे स्वतःच आजोबा झालेले, आणि स्मशानातसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभे होते. शिरीष फोनवर हे सांगताना हसला आणि मग त्यानं फोन ठेवला.

मी आणि ईरा इथेच, जर्मनीत, इंगोलश्टाटला. घरात तुमचं म्हणावं असं फार काही नाही. दर उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर येणाऱ्या माणसाचं असणार तरी काय. एक शिट्टी, एक कानटोपी, आणि दाराबाहेर जिन्यात तुमचे ते पांढरे कॅनव्हासचे बूट. ‘पुढच्या वर्षी लागतीलच’ म्हणून ठेवून गेलात. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर दर वर्षी तक्रार करायच्या की बुटांची पांढरी भुकटी जिन्यात सांडते, आणि जिना सगळ्यांचा आहे. परवा त्या वर आल्या, माझा हात धरला, बुटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, राहू देत तिथेच. तोवर मी रडले नव्हते. फ्राऊ लिंडनरनी जिन्यात काही राहू द्यावं म्हणजे खरंच माणूस गेलं, असं मला वाटलं.

पण मला हे नव्हतं सांगायचं. मला तुमच्या नातीचं सांगायचंय. बातमी आली तेव्हा तिनं ती उभ्यानं ऐकली, खोलीत गेली, आणि बाहेर येऊन जर्मनमध्ये एकच वाक्य बोलली: आजोबा गेले तेव्हा त्यांना माझी लाज वाटत होती. मी म्हटलं, असं नाहीये गं. ती म्हणाली, मग ते तसं बोलले का नाहीत? माझ्याकडे उत्तर होतं आप्पा, आणि तुम्ही मला गप्प बसवून गेला होतात. मग तिनं ट्रेनरीनला, म्हणजे हँडबॉलच्या कोचबाईंना, फोन करून सांगितलं की राष्ट्रीय संघाच्या पुढच्या कॅम्पला मी येणार नाही. सतरा वर्षांची पोर. ज्या गोष्टीसाठी तिनं पहाटे उठून हाडं मोडून घेतली, ती गोष्ट तिनं एका फोनवर सोडली, कारण तिला वाटत होतं की तुम्ही तिला माफ न करता गेलात.

खरं तर त्या हाडांचं पाप तुमचंच. पीटीचे सर म्हणून बार्शीत जन्म घालवलात, निवृत्त झालात, आणि तीन महिन्यांसाठी सुनेच्या घरी येऊन आराम करायचा तर तिथेही शाळा काढलीत. ईरा पाचेक वर्षांची असेल. आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजसमोर तिला सावधानमध्ये उभी करायचात. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला, नजर समोर. मग तोंडानं आपल्या राष्ट्रगीताची चाल म्हणायचात आणि मधेच तिच्या नाकासमोर बेसनाचा लाडू धरायचात. ती हलायची नाही. डोळे लाडवावर जाऊन तिरळे व्हायचे, पण मान हलायची नाही. चाल संपली की लाडू. "राष्ट्रगीत संपेपर्यंत हलायचं नसतं," तुम्ही सांगायचात, "नाकावर माशी बसली तरी नाही, घराला आग लागली तरी नाही." मी म्हणायची, अहो आप्पा, आग लागली तर हलू दे की तिला. तुम्ही म्हणायचात, आधी गीत संपेल, मग बादली.

आणि ईराच्या क्लबच्या, त्या फेराइनच्या, उन्हाळी जत्रेतली ती गंमत. तंबूत बँडवाले आले, त्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावले, आणि सगळा तंबू बिअरचे मग हातात घेऊन उभा राहिला. तुम्हाला वाटलं, झालं, यांचं राष्ट्रगीत लागलं. तुम्ही ताडकन उठलात आणि सावधान. लोक बाकांवर चढून नाचायला लागले, बायका हातात हात घालून डोलायला लागल्या, तरी तुम्ही आपले पुतळा. ते प्यायचं गाणं होतं आप्पा. त्याला कडवीही भरपूर होती. तुमच्या शेजारी आठ वर्षांची ईरा, तीही सावधान. तिच्या मैत्रिणी समोर खिदळत होत्या. हे राष्ट्रगीत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी ती गाणं संपेपर्यंत तुमच्यासोबत उभी राहिली. नंतर तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही जराही ओशाळला नाहीत. म्हणालात, चुकून जास्त मान दिला तर कुणाचं काय बिघडतं?

मग पोरगी हँडबॉलमध्ये वर चढत गेली. आधी गावाचा संघ, मग बवेरिया राज्याचा, मग देशाचा युवा संघ. पहिल्यांदा तिच्या अंगावर जर्मनीच्या गरुडाचा शर्ट बघितलात तेव्हा मी तुमच्याकडे चोरून बघत होते. तिचा पासपोर्ट इथला, हे तुम्हाला कधी फारसं पचलं नव्हतं. पण तुम्ही तो गरुड बोटानं चाचपला, कापड चांगलं आहे म्हणालात, आणि दुसऱ्या दिवसापासून इथलं राष्ट्रगीत पाठ करायला बसलात. "पोरगी ज्या देशाकडून खेळते त्याचं गीत घरातल्या म्हाताऱ्याला येऊ नये?" भाजी चिरताना, दाढी करताना, एकच कडवं. उच्चार असे की शिरीष उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

त्याच सुमारास माझ्या ऑफिसातला एकजण, चांगला माणूस, वाढदिवसाला घरचा केक आणणारा, मला कॉफीच्या मशीनपाशी विचारता झाला: तुझी मुलगी राष्ट्रगीत म्हणते ना? म्हटलं, संघाच्या गोऱ्या कॅप्टनचे ओठ आजवर हललेले नाहीत, तिच्या बापाला कधी विचारलंस? तो गडबडला. मला तसं म्हणायचं नव्हतं, म्हणाला. म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, तसं कुणालाच म्हणायचं नसतं. घरी येऊन मी तणतणत तुम्हाला सांगितलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, म्हणूनच मोठ्यानं म्हणायचं, बोट दाखवायला कुणाला जागाच ठेवायची नाही. आणि ईरानं तुमचं ऐकलं. पहिल्या मॅचला तिचा आवाज वरच्या रांगेत आम्हाला ऐकू आला होता.

हे सगळं नीट चाललं होतं. मग नाओमीचं झालं.

नाओमी तुमची लाडकी गोलकीपर. बाप घानाचा, आई इथल्याच एका खेड्यातली, आणि पोरीची बवेरियन बोली इतकी गावरान की तिचं बोलणं कधीकधी ईरालाही दोनदा विचारावं लागतं. आपल्या घरी यायची, शेंगदाण्याची चटणी चमच्यानं खायची आणि तुम्हाला आजोबा म्हणायची. तुम्ही मला तिचे हात दाखवायचात, "मेधा, हे बघ, असे हात हजारात एकीला." तर त्या पोरीला एका मॅचमध्ये प्रेक्षकांतून कुणी माकडाचे आवाज काढले. एकदा नाही, ती चेंडू अडवील तेव्हा तेव्हा. तक्रार झाली. चौकशी झाली. आवाज नेमके कुणी काढले ते ठरवता आलं नाही, असं उत्तर आलं.

ईरा जेवताना म्हणाली की पुढच्या मॅचला राष्ट्रगीताच्या वेळी आम्ही तिघी निषेध म्हणून गुडघा टेकणार आहोत. नाओमी, ती आणि कॅप्टन लेना. तुमच्या हातातला घास हातातच राहिला.

त्या संध्याकाळचं भांडण मला अक्षरन् अक्षर आठवतं, कारण ते माझ्याच तोंडून झालं. ती जर्मनमध्ये बोलत होती, तुम्ही मराठीत. तिला तुमचं सगळं कळतं, तुम्हाला तिचं काहीच नाही, म्हणून तिचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचवायचं काम माझं. मी ते थोडं धुऊनपुसून पोचवत होते. तुमच्या ते लगेच लक्षात आलं. "एवढं लांबलचक बोलली पोरगी आणि तू दोन वाक्यांत उरकलंस. सगळं सांग." शिरीषनं पिवळी पिशवी उचलली आणि कचरा टाकायला गेला. घरात आवाज चढला की त्याला कचरा आठवतो.

तुम्ही म्हणालात, ज्यांनी घाण केली त्यांना शोधा, बाहेर काढा, मी येतो सोबत. पण गीतानं काय वाकडं केलंय? त्याच्यासमोर आजारी माणूससुद्धा उठून उभा राहतो, आणि तुम्ही धडधाकट पोरी खाली बसणार? ती म्हणाली, आजोबा, खेळ चालू असताना ते ओरडतात आणि खेळ संपला की सगळे घरी जातात. सगळे गप्प राहून आमच्याकडे बघतात अशी तेवढी एकच वेळ असते. तुम्ही म्हणालात, म्हणूनच तेव्हा नाही करायचं. ती म्हणाली, म्हणूनच तेव्हा करायचं. ती म्हणाली, मी सगळ्यांत मोठ्यानं गात होते, तुम्ही सांगितलं म्हणून. नाओमीसुद्धा गाते. काय उपयोग झाला? तुम्ही म्हणालात, उपयोग व्हावा म्हणून मान देतात का?

तुम्ही दोघंही बरोबर होतात. हे मी तेव्हा म्हटलं असतं तर दोघांनीही मलाच खाल्लं असतं.

मग ईरा अचानक एक बोलली, जे मलाही तेव्हाच पहिल्यांदा कळलं. ती नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. तुम्ही दोघं डोनाऊ नदीच्या पुलाजवळ बसची वाट बघत उभे होतात. एक माणूस आला, तुमच्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, गे डोख हाइम, जा की आपल्या घरी. आणि पुढे आणखी घाणेरडं. तुम्ही हसलात, त्याला ‘डांके, गुटेन टाग’, धन्यवाद, नमस्कार, म्हणालात आणि वर हात जोडलेत. ईरा हे माझ्याकडे बघून सांगत होती. म्हणाली, त्यांना वाटलं तो काहीतरी चांगलं बोलला. दिवसभर खूश होते की इथला माणूस आपल्याशी आपणहून बोलला. मी त्यांना कधी सांगितलं नाही, आई, तुलाही नाही. मी गुडघा टेकणार तो त्या दिवसासाठीपण आहे.

हे मी तुम्हाला सांगितलं नाही आप्पा. तुम्ही विचारलंत, काय म्हणाली? म्हटलं, काही नाही, तेच तेच. तुम्ही म्हणालात, बस म्हणाली ती. बसचं काहीतरी म्हणाली. मी ताटं उचलली.

मॅच इथून तासाभरावरच्या गावात होती, ऑस्ट्रियाच्या मुलींशी. मला वाटलं तुम्ही येणार नाही. पण सकाळी बूट पांढरे करून तयार होतात. ऑस्ट्रियाचं राष्ट्रगीत लागलं, तुम्ही सावधान. मग आपल्या, म्हणजे त्यांच्या, म्हणजे ईराच्या देशाचं लागलं. तिघी खाली गेल्या. बाकीच्या एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या. मी तुमच्याकडे बघायचं टाळत होते. तुम्ही नजर समोर, मुठी मांडीला, आणि ओठ हलत होते. तुम्ही गात होतात. तुमचं ते भयंकर जर्मन.

मागून शिट्ट्या आल्या. आमच्या दोन रांगा वर दोघं-तिघं बाप्ये होते. एकजण ओरडला, उठा. दुसरा हसला. मग त्यानं तोंडापाशी हाताचा भोंगा करून आवाज दिला, गे डोख हाइम.

तुमचं गाणं थांबलं. मला वाटलं दम लागला. आणि मग तुम्ही उजव्या टाचेवर आणि डाव्या चवड्यावर वळलात, शाळेतल्या कवायतीत करतात तसं, पूर्ण पीछे मुड, आणि टाच आपटून पुन्हा सावधान. झेंड्याकडे पाठ. तोंड त्या माणसांकडे. काही बोलला नाहीत, हात उगारला नाहीत. नुसते बघत उभे राहिलात. इतके ताठ की तुमच्या कॉलरवरचा मानेचा घाम मला दिसत होता. त्या भोंगेवाल्यानं आधी हसून बघितलं, मग मोबाइल काढला, मग खिशात ठेवला, मग बुटांकडे बघायला लागला. हॉलमध्ये बँडचं रेकॉर्डिंग वाजत होतं आणि एका कोपऱ्यात एक म्हातारा उलटा उभा होता. गीत संपलं तेव्हा तुम्ही पुन्हा पीछे मुड केलंत आणि खाली बसलात. ईराची मान खाली होती. तिनं यातलं काही पाहिलं नाही.

मॅच त्या हरल्या. घरी दारात बूट काढताना तुम्ही ईराला एवढंच म्हणालात, "तू चुकलीस." ती खोलीत गेली. तुम्ही निघेपर्यंत पुढे तुमचं दोघांचं बोलणं मीठ देण्याघेण्यापुरतंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जिन्याच्या पायरीवर बसून ओल्या फडक्यानं बुटांना पांढरी भुकटी लावत होतात. मला हाक मारलीत. म्हणालात, "काल जे पाहिलंस ते पोरीला सांगायचं नाही."

"का?"

"तिला वाटेल मला पटलं. मला पटलेलं नाही, मेधा. गुडघा टेकणं चूक ते चूकच."

"मग तुम्ही हललात कशाला?"

"राष्ट्रगीत चालू असताना बडबड करतात म्हणजे काय? शिस्त नाही." तुम्ही फडकं पुन्हा भिजवून पिळलंत. मग तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आणि ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं."

मी म्हटलं, आप्पा, म्हणजे तुम्हाला बसस्टॉपवर कळलं होतं?

"शब्द नव्हते कळले. माणूस कळला होता. तोंडावर थुंकी उडाली तर काय स्तुती करतोय समजू? पण पोरगी बोट धरून उभी होती. मी घाबरलो असतो तर ती घाबरली असती, म्हणून हसलो. दिवसभर हसत राहिलो. गाल दुखले." बुटाची नाडी ओढून बघितलीत. "तिला वाटतं मला कळलं नाही. वाटू दे. हेही सांगायचं नाही."

एवढं बोलून तुम्ही मला चहा टाकायला पाठवलंत. मी आत जाऊन गॅससमोर उभी राहिले आणि मला तुमचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की दूध उतू गेलं. दोघंही एकमेकांना जपत इतकी वर्षं एकमेकांशी खोटं वागलात. ती तुम्हाला सांगत नव्हती, तुम्ही तिला. आणि आता सगळं माझ्या पदरात.

त्यानंतरच्या रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या लोकांकडे जेवायला गेलो होतो ते आठवतं? ईरा आली नव्हती. तिथे कुणीतरी म्हणालं, आपण इथे पाहुणे, कशाला नसत्या भानगडी? आणि त्या काळ्या पोरीसाठी आपल्या मुलीनं कशाला पुढे व्हायचं? मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही ताट खाली ठेवलंत. "माझी नात आहे. मी रागवेन तिला. तुम्ही कोण?" मग पुन्हा ताट उचलून जेवायला लागलात, जिलबी मागून घेतलीत. तेव्हाही वाटलं, आता घरी गेल्यावर पोरीशी बोलाल. बोलला नाहीत. तुमचा हट्ट म्हणजे हट्टच.

विमानतळावर ती आली नाही. ट्रेनिंग आहे म्हणाली. तुम्ही बॅग ओढत पुढे जाऊन तीनदा मागे वळून दरवाज्याकडे बघितलंत. मी म्हटलं, येईल फोनवर. बार्शीहून रोज फोन करायचात आणि मला विचारायचात, पोरगी जेवते का, गुडघ्याला बर्फ लावते का. फोन देऊ का म्हटलं की म्हणायचात, नको, तिला वाटेल मी पहिला बोललो. इकडे ती दाराआड उभी राहून तुमचा आवाज ऐकायची. फोन घे म्हटलं की नाही म्हणून मान हलवायची. एकाच मुशीतले दोघं. मला वाटलं, पुढच्या उन्हाळ्यात समोरासमोर बसवीन आणि कान धरीन दोघांचे. बूट तर इथेच आहेत म्हटलं, जातोय कुठे माणूस.

आप्पा, मला एक अजून कळलेलं नाही. तुम्ही वळलात ते गीतासाठी की पोरीसाठी? विचारलं असतं तर तुम्ही शिस्तीचं भाषण दिलं असतंत. पण तुम्हाला ओळखते मी. ज्यांना चूप करायचंय त्यांना गीत संपल्यावरही सुनावता आलं असतं. आधी गीत, मग बादली, हा तुमचाच नियम. तुम्ही तेवढं थांबला नाहीत. हे तुम्हाला माझ्याकडून ऐकायला आवडणार नाही, पण आता तुम्हाला उठून जाता येत नाही, म्हणून सांगून घेते. आणि आभार. हेही तुम्हाला आवडायचं नाही. पण त्या दिवशी त्या हॉलमध्ये मी तुमच्या शेजारी उभी होते, आणि या देशात इतकी वर्षं राहून पहिल्यांदा मला वाटलं की माझी पाठ राखायला कुणीतरी मागे तोंड करून उभं आहे.

काल दुपारी कामावरून आले तर ईरा जिन्यात पायरीवर बसलेली. तुमचे बूट मांडीवर, शेजारी वाटीत पांढरी कालवलेली, हाताला आणि गालाला पांढरे डाग. म्हणाली, आजोबा हे इतकं सारखं कसं लावायचे? माझ्याच्यानं ओघळ येतात. जर्मनमध्येच. मी पर्स खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. तुमचा शब्द आठवत होता. पण पोर समोर होती, आणि मला दोघांतलं एक निवडायचं होतं.

म्हटलं, ईरा, तू मान खाली घातली होतीस तेव्हा वर काय झालं ते तुला सांगायचं राहिलंय. आणि सगळं सांगितलं. भोंगेवाला, टाच, पीछे मुड, झेंड्याकडे पाठ. बसस्टॉप. दिवसभर हसून दुखलेले गाल. आणि हेही सांगितलं की तुम्हाला पटलेलं नव्हतं, शेवटपर्यंत नव्हतं, कारण तुमची बाजू मी बदलून सांगणार नाही एवढं तरी तुमचं राखलं.

मग तिनं विचारलं, मराठीत, जी ती मोठी झाल्यापासून आमच्याशी कधी बोलत नाही:

"आजोबा हलले?"

"हलले."

"राष्ट्रगीत चालू असताना?"

"चालू असताना."

तिनं बूट छातीशी धरला आणि रडायला लागली. बातमी आल्यापासून पहिल्यांदा. शर्टभर पांढरं झालं. खाली फ्राऊ लिंडनरचं दार उघडलं, आणि आवाज ऐकून हळूच पुन्हा लागलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं, बूट होते तिथे नीट जोडीनं ठेवले, टाचा जुळवून, आणि खिशातून फोन काढून ट्रेनरीनला लावला. तिकडे घंटी वाजत होती तेवढ्यात माझ्याकडे वळून, अगदी तुमच्या आवाजात म्हणाली:

"मग चुकले आजोबा. राष्ट्रगीत संपेपर्यंत हलायचं नसतं."